भिंतीतले भोक

आमच्या पवनीच्या घरात बैठकीची खोली आणि मागचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये मातीची दीड हात जाडीची भिंत आहे. त्या भिंतीत जमिनीपासून साधारण छातीइतक्या उंचीवर एक भोक आहे. बोट जेमतेम जाईल एवढे. गेल्या पन्नास वर्षांत घराला तीनदा रंग लागला, छपराची कौले जाऊन टिना आल्या, पण ते भोक कुणी बुजवले नाही. आज मी या भोकाचा इतिहास सांगणार आहे. एका घरच्या भोकाला कसला इतिहास, असे आपल्याला वाटेल. पण एका खोलीतले गाणे दुसऱ्या खोलीत कसे न्यावे, या प्रश्नावर जगात पॅरिसपासून कॅलिफोर्नियापर्यंत माणसांनी डोके चालवले आहे आणि त्या खटाटोपाचा एक धागा आमच्या भिंतीतूनही गेला आहे.

आमचे अब्बा अर्जनवीस होते. तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. १९६६ साली त्यांनी मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे घरात रेडिओ माझ्यापेक्षा वडील. बैठकीत कोनाड्याशेजारी फळी, फळीवर अम्मीने कशिदा काढलेला रुमाल आणि त्यावर रेडिओ. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. आतले व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागे. छपरावर तांब्याची तार ताणलेली, तिचे एक टोक खिडकीतून आत. त्या काळी रेडिओलाही परवाना लागे. दरवर्षी पोस्टात फी भरायची आणि परवान्याच्या वहीवर शिक्का मारून घ्यायचा. ही पद्धत पुढे १९८५ साली संपली. अब्बा ती वही घराच्या खरेदीखताच्या जोडीला पेटीत ठेवत.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ सालचे. पवनीहून नागपूर काही फार दूर नाही, त्यामुळे मीडियम वेव्हवर नागपूर खणखणीत ऐकू येई. सकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, भजने आणि नाट्यगीते हे सगळे घरात येई. पण फर्माइशी गाण्यांची गोष्ट वेगळी होती. तिच्यामागे दिल्लीतले एक राजकारण होते आणि त्याचे सूत्रधार एक मराठी गृहस्थ होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घराघरात जावे ही त्यांची तळमळ. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आक्रसत आक्रसत जवळजवळ नाहीशी झाली. पण ऐकणारा ऐकायचे सोडत नाही. त्याने काटा फिरवला आणि समुद्रापलीकडे रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवला. त्याच १९५२ साली तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती जन्माला आली. दहा वर्षांनी, १९६७ च्या नोव्हेंबरात विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्यासाठी पहिल्यांदा निवडलेली केंद्रे होती मुंबई, पुणे आणि आपले नागपूर.

एका मंत्र्याने देशभराचे बटण आपल्या हाती ठेवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. घरातले बटण मात्र इतक्या सहजासहजी हातचे जात नाही.

आमच्या घरात बैठक पुरुषांची. अब्बांकडे अर्जांचे पक्षकार येत, मशिदीतले चार बुजुर्ग येत, शेजारचे कोसा विणणारे हलबा कोष्टी येत. अम्मी त्यांच्यासमोर येत नसे. ती स्वयंपाकघरात चुलीपुढे असे आणि गाणे तिच्यापर्यंत पोचे ते मातीच्या जाड भिंतीतून गाळून. शब्द इकडेच राहत, तिकडे जाई ती नुसती गुणगुण. अम्मीला गाण्याचे फार वेड. लग्नाआधी माहेरी ती दंडार ऐकायला जाई, म्हणजे दूर झाडाखाली बायकांच्या घोळक्यात बसून. आपल्या झाडीपट्टीत धान निघाले की रात्र-रात्र दंडारी आणि नाटके रंगतात. उघड्यावरच्या त्या आवाजाला भिंत नसते. पुढे बसलेल्या पाटलालाही तेच ऐकू येते आणि मागे उभ्या असलेल्या मजुरणीलाही तेच. रेडिओ घरात आला तेव्हा आवाज पहिल्यांदाच खोलीत कोंडला गेला. ज्याची खोली, त्याचे गाणे.

१९७४ साली माझे धाकटे मामू आले. ते तुमसरला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करत. बहिणीची अडचण त्यांनी ओळखली. त्या काळच्या बऱ्याच व्हॉल्व्हच्या रेडिओंना पाठीमागे जादा स्पीकर जोडण्याची सोय असे. बहुतेकांना ती ठाऊक नसे. मामूंनी एक जुना स्पीकर लाकडी खोक्यात बसवला, गिरमिटाने भिंतीला भोक पाडले, दोन पदरी तार त्यातून ओवली आणि खोके चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले. मी पाच वर्षांचा होतो. भिंतीपलीकडून आपल्या अब्बांचा रेडिओ बोलू लागला तेव्हा मी भोकाला डोळा लावून आत माणूस आहे का ते पाहिले होते. अम्मीच्या हातातली पोळी तव्यावर करपली, एवढे मला नक्की आठवते.

ही युक्ती मामूंच्या फार आधीची होती, हे मला पुढे वाचनातून कळले. ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन १८७६ चा. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८१ मध्ये पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले. क्लेमाँ आदेर नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने तिथल्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनची तोंडे मांडली, जमिनीखालून तारा आणल्या आणि प्रदर्शनाच्या दालनात लोकांच्या दोन्ही कानांना दोन नळ्या दिल्या. गाणारा दोन किलोमीटरवर आणि ऐकणारा इकडे. उजव्या कानात एक, डाव्या कानात दुसरे, त्यामुळे गायक रंगमंचावर चालत गेला तर आवाजही चालत गेल्यासारखा वाटे. १८९३ साली बुडापेस्टमध्ये तिवादर पुश्काश यांनी टेलिफोनच्या तारेवरून बातम्या आणि संगीत घरोघर पोचवणारी सेवाच काढली. रेडिओचे प्रसारण अजून पाव शतक दूर होते, तेव्हा हंगेरीतले लोक घरी बसून तारेवरचे गाणे ऐकत होते.

रेडिओ आल्यावरही तार गेली नाही. इंग्लंडमध्ये १९२८ नंतर अशी व्यवस्था होती की घरात रेडिओ घ्यायचाच नाही. कंपनीचा एक मोठा रेडिओ कुठेतरी असे आणि वर्गणीदाराच्या घरी नुसता स्पीकर. रशियात तर घरोघरी, कारखान्यात, चौकात तारेचे कर्णे होते. १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा सोव्हिएत सरकारने लोकांचे खासगी रेडिओ जमा करून घेतले. भिंतीवरचा कर्णा तेवढा राहिला. आवाज कमीजास्त करता येई, पण काय ऐकायचे ते दुसरा ठरवी. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याच कर्ण्यांवर कार्यक्रम नसेल तेव्हा मेट्रोनोमचे ठोके वाजत. ठोके संथ असले तर सगळे ठीक, जलद झाले की विमाने आली. उपाशी माणसे त्या ठोक्यांवर कान ठेवून जगली. म्हणजे तार वाईट, असे मला म्हणायचे नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याच्या हाती काय आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडेही या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर शोधले गेले होते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि आपले म्हणणे, आपल्या शंका केंद्राला कळवत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. ऐकणाऱ्याला उलट बोलता आले, हे त्या प्रयोगाचे मोठेपण. आपला भंडारा त्यात नव्हता, कारण तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. मुंबई राज्यात आलो ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या खोक्याला मात्र उलट बोलण्याची सोय नव्हती. सकाळी रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा अर्धा तास असे आणि त्याचा शेवट सैगलच्या गाण्याने होई. त्या सुमारास नेमका कुणी पक्षकार येई आणि अब्बा बैठकीत बटण बंद करत. भिंतीपलीकडे सैगल अर्ध्या ओळीत तुटे. अम्मी कधी काही बोलली नाही. शेजारच्या काकू चुलीसाठी विस्तव न्यायला येत, त्या विचारत, ‘काहून वो भाभी, आज रेडू मुका झाला का?’ अम्मी म्हणे, ‘साहब लोग आए होंगे.’ आपल्या नवऱ्याच्या बैठकीतल्या चार माणसांना ती साहब लोग म्हणत असे. त्यात आदर होता की आणखी काही, हे मला त्या वयात कळले नाही.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

मी १९९० साली बी. ए. झालो आणि कविता करू लागलो. मराठीत. घरात आमची बोली हिंदुस्थानी, बाहेर झाडीबोली आणि कवितेत शाळेतल्या पुस्तकांची मराठी, असा सगळा मामला. १९९१ साली नागपूर केंद्रावरून माझी कविता प्रसारित होणार असल्याचे पत्र आले. युवकांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात, माझ्याच आवाजात. मी मित्रांना बोलावले. अब्बांनी त्यांच्या स्नेह्यांना बोलावले. बैठकीत बारा-पंधरा माणसे. रेडिओ म्हातारा झाला होता, आवाज बारीक येत होता. एक मित्र म्हणाला, ‘मागच्या स्पीकरची तार काढ, इथला आवाज वाढेल.’ त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. त्या रेडिओची ताकद जेमतेम तीन-चार वॉटची. दोन स्पीकर लावले की ती वाटली जाते. मी उठलो, रेडिओमागची तार उपटली आणि आवाज खरोखरच वाढला. माझी कविता साऱ्यांनी ऐकली, वाहवा केली. मग आतून चहा आला. पंधरा कप. कपांबरोबर अम्मीचा निरोप नव्हता, कारण तिने काहीच ऐकले नव्हते. खोके मुके झाले तेव्हा तिला वाटले, नेहमीसारखे साहब लोग आले असतील.

रात्री जेवताना ती म्हणाली, ‘अच्छा पढा होगा तूने.’ मी म्हटले, ‘हाँ.’ तार मी उपटली, हे मी तिला सांगितले नाही. अब्बांनी पंचवीस वर्षे जे केले ते अजाणता केले. मी ते हाताने केले. पुढे कितीतरी कविसंमेलनांत स्त्रीच्या मुकेपणावरची कविता मी टाळ्या घेत वाचली आहे. ती वाचताना दर वेळी मला त्या तारेचे टोक हातात असल्यासारखे वाटते.

१९९६ साली अब्बा गेले. रेडिओ त्याआधीच बंद पडला होता. व्हॉल्व्ह मिळेनासे झाले होते. ट्रान्झिस्टर आला, टेपरेकॉर्डर आला, टीव्ही आला आणि तो बैठकीतच बसला. तार निघाली, खोके अडगळीत गेले, भोक राहिले.

दरम्यान गाण्याचेच रूप बदलत होते. कॉम्पॅक्ट डिस्कवर गाणे म्हणजे आकड्यांची रास असते. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहून ठेवायचे, तेही दोन्ही कानांसाठी वेगळे. एका मिनिटाच्या गाण्याला दहा एमबी जागा लागे. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचा अभ्यास करून ठरवले, की मोठ्या आवाजाआड दडलेला बारीक आवाज कानाला कळतच नाही, तर तो साठवायचा कशाला? असे गाळत गाळत त्यांनी गाणे अकराव्या हिश्शावर आणले. मोठ्या आवाजाआडचा बारीक आवाज कुणाला कळत नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा जरा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १९९५ साली या पद्धतीच्या फाइलींना एमपी-थ्री हे नाव पडले. पाच-सहा वर्षांतच पवनीसारख्या गावातही शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी-थ्री सीडी बाजारच्या दिवशी मिळू लागल्या.

गाणी संगणकात जमा झाली आणि जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. संगणक एका खोलीत, ऐकणारा दुसऱ्या खोलीत. २००१ साली कॅलिफोर्नियात शॉन ॲडम्स या तरुणाच्या स्लिम डिव्हाइसेस कंपनीने एक छोटे यंत्र काढले, स्लिम्पथ्री. त्याच्या पोटात एकही गाणे साठवलेले नव्हते. ते संगणकाशी नेटवर्कच्या तारेने जोडलेले, त्याला एक रिमोट आणि अक्षरे दाखवणारी एक पट्टी. संगणक कोठीघरासारखा, हे यंत्र वाढप्यासारखे. रिमोटवर गाणे निवडले की निरोप तारेने संगणकाकडे जाई आणि गाणे तारेने इकडे येई. जादा स्पीकरमध्ये आणि यात फरक इथेच आहे. मामूंच्या तारेतून आवाज एकाच दिशेने जाई. या तारेतून मागणी उलट दिशेनेही जाऊ लागली. पुण्याच्या ग्रामसभांनी पत्रे लिहून जे साधले, ते इथे एका बटणात साधले.

२००३ साली त्याच कंपनीचे बिनतारी यंत्र आले, स्क्वीझबॉक्स. पुढच्या वर्षी ॲपलने एअरट्यून्स आणले, मग इतर कंपन्या आल्या. गाणे एकाच वेळी चार खोल्यांत वाजवायचे तर ताळमेळ बिकट. लग्नाच्या मांडवात दोन टोकांना दोन कर्णे असले की मधल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, हे आपण सारे जाणतो. आवाजाला चौतीस मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. कान एवढा फरक लगेच पकडतो. म्हणून प्रत्येक यंत्राचे घड्याळ संगणकाच्या घड्याळाशी सतत जुळवून घ्यावे लागते. दुसरी अडचण अशी, की नेटवर्कवरून गाणे अखंड धारेने येत नाही. ते तुकड्या-तुकड्यांनी येते, मध्येच थबकते. त्यावरचा उपाय आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नळ अधूनमधून येतो, पण रांजण भरलेला असला की तांब्या रिकामा राहत नाही. यंत्र आपल्या पोटात थोडे गाणे आधीच भरून ठेवते आणि त्या रांजणातून वाजवत राहते.

या गोष्टी आमच्या घरात आल्या त्या २०२१ च्या एप्रिलमध्ये, फार वाईट दिवसांत. करोनाची दुसरी लाट होती. अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला ताप आला, तपासणीत लागण निघाली. ऑक्सिजन ठीक होते, म्हणून घरातच वेगळे ठेवायचे ठरले. जुने स्वयंपाकघर आता तिची झोपायची खोली झाले होते. दार लावले. जेवण दारापाशी ठेवायचे, बोलणे दारातून. बाहेर रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी. मोबाइल तिला नीट दिसत नसे. ती आत एकटी, आम्ही सगळे भिंतीच्या या बाजूला.

माझा पुतण्या इंजिनिअरिंग शिकून टाळेबंदीमुळे घरीच होता. त्याने एक छोटे बोर्ड काढले, पत्त्यांच्या कॅटएवढे. रास्पबेरी पाय म्हणतात त्याला. ते २०१२ पासून बाजारात आहे. त्याला लहान स्पीकर जोडला. बैठकीतल्या संगणकावर त्याने स्लिम्पथ्रीच्या कुळातलेच मोफत सॉफ्टवेअर चढवले. त्यात माझ्या साऱ्या गाण्यांचा साठा. बोर्ड जंतुनाशकाने पुसून दारातून आत सरकवले. पण वाय-फाय मागे पोचेना. दीड हात मातीची भिंत, तीही ओल धरलेली. तिच्यातून लहरी जाईनात. गाणे दोन ओळी वाजे आणि अडे. पुतण्या वैतागून भिंतीकडे बघत बसला. मग त्याने विचारले, ‘बडे अब्बा, हे भोक कशाचे?’

नेटवर्कची निळी तार त्या भोकातून अचूक गेली. टोकाचा प्लग मोठा होता म्हणून तो काढून, तार ओवून, पलीकडे नवा बसवावा लागला. अम्मीनेच पलीकडून तार ओढून घेतली आणि दाराच्या फटीपर्यंत आणून दिली. पुतण्याने तोंडाला मास्क, हाताला मोजे चढवून दारातच बसून प्लग लावला. जुन्या टीव्हीचा एक रिमोट त्या बोर्डाला जुळवला. त्यावरची तीन बटणे ठेवून बाकीच्यांवर पट्टी चिकटवली. एक पुढचे गाणे, एक मागचे आणि मधले थांबवण्याचे.

मी बैठकीतून पहिले गाणे लावले आणि ओरडलो, ‘आवाज आ रहा क्या, अम्मी?’

आतून उत्तर आले, ‘आ रहा. बंद किधर से करने का?’

सत्तेचाळीस वर्षांत तिने गाण्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. पुतण्याने मधले बटण सांगितले. तिने बंद केले. मग चालू केले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चार-पाच वेळा. आम्हाला वाटले यंत्र बिघडले.

त्या दोन आठवड्यांत संगणकाच्या पडद्यावर आत काय वाजते आहे ते मला दिसे. मी लावलेली कितीतरी गाणी ती दोन ओळींत पुढे ढकलत असे. माझ्या आवडत्या गझला तिला मुळीच आवडत नाहीत, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळले. सैगल मात्र ती पुरा ऐके.

१९९१ च्या कवितेची एक कॅसेट एका मित्राने तेव्हा भरून ठेवली होती. पुतण्याने तिची फाइल करून दिली होती, ती संगणकात पडून होती. अम्मीचा ताप उतरला त्या संध्याकाळी मी ती लावली. काही सांगितले नाही. पडद्यावर वेळेचे आकडे सरकू लागले. भिंतीपलीकडे माझाच तीस वर्षांपूर्वीचा पातळ आवाज. एक मिनिट झाले, सव्वा मिनिट झाले आणि आकडे थांबले. तिने मधले बटण दाबले होते. मी वाट पाहिली. आता पुढचे गाणे येईल असे वाटले. तेही येईना. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मी म्हटले, ठीक आहे, हा तिचा हक्क आहे. तरी छातीत कुठेतरी खुपले, हे खोटे कशाला बोलू?

साधारण पंधरा मिनिटांनी आकडे पुन्हा सरकू लागले. पहिल्यापासून नव्हे, जिथे थांबले होते तिथूनच, अर्ध्या ओळीतून. कविता शेवटपर्यंत वाजली. दारातून मी विचारले, मध्ये बंद का केलेस? ती म्हणाली, ‘मग़रिब की अज़ान हो रही थी. नमाज़ पढ ली, फिर सुना.’

मग मी दाराबाहेर बसून तिला तारेची गोष्ट सांगितली. १९९१ ची. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, ‘मालूम था. खोके में से खट् करके आवाज आती थी तार निकालो तो. तेरे अब्बा बंद करते तो नहीं आती थी.’

तीस वर्षे तिला ठाऊक होते.

अम्मी बरी झाली. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे. निळी तार अजून भोकात आहे. दरम्यान जगात बरेच झाले. स्लिम डिव्हाइसेस ही कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली होती. २०१२ मध्ये त्या यंत्रांचे उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये त्यांची इंटरनेटवरची मध्यवर्ती सेवाही बंद झाली. कंपनीचे बटण तिकडे दाबले गेले. पण त्या सॉफ्टवेअरची संहिता सुरुवातीपासूनच खुली होती. वापरणाऱ्यांनी ते लिरियन या नव्या नावाने चालू ठेवले. ज्यांची गाणी आणि ज्यांचा संगणक स्वतःच्या घरात होता, त्यांच्या खोल्यांत गाणे वाजतच राहिले. आमचेही राहिले. आज मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून कोट्यवधी गाणी ऐकता येतात. सोय मोठीच आहे, मीही ती वापरतो. पण ती गाणी दुसऱ्याच्या बैठकीत आहेत, आपल्याकडे नुसते खोके आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

परवा घराला रंग द्यायला माणूस आला. भिंत खरवडताना म्हणाला, ‘साहेब, तार काढा, हे भोक सिमेंटने बुजवून टाकतो.’ मी काही बोलायच्या आत मागून अम्मीचा आवाज आला, ‘उसको हाथ मत लगाना.’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)